पुसल्यापासूनचं अंतर

यंत्रावर सहाचा आकडा होता आणि तो सहा असणं शक्यच नव्हतं. सकाळचे सात वीस, दप्तर मांडीवर, एक बूट पायात नि एक हातात, अशी मी आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. किल्ली अर्धी फिरवलेली. आणि ते पत्त्यांच्या कॅटाएवढं काळं यंत्र मला सांगत होतं की या गाडीची आठवण पुसून फक्त सहा किलोमीटर झालेत. मी पुसली नव्हती. नऊ दिवस मी त्या बटणाला हातसुद्धा लावला नव्हता, कारण गॅरेजवाल्या काकांनी तशी तंबीच दिली होती. नऊ दिवसांत आई रोज एकतीस किलोमीटर जाऊन एकतीस परत आली होती, म्हणजे तिथे चारशेच्या वरचा आकडा हवा. चारशे कुठे, सहा कुठे. मी यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. सहा. डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला, अगदी साळसूद, जणू आयुष्यात कधी लागलाच नाही.

गाडी आमची नाही, म्हणजे आमची आहे पण आधी दुसऱ्यांची होती. लांबलचक वॅगन, मागे अख्खं कपाट मावेल एवढी जागा. बाबाने दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा मी तिला म्हैस म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. तिसऱ्याच आठवड्यात दिवा लागला. पिवळा, इंजिनाच्या चित्राचा, पण इंजिन कुणी बघितलंय, मला तर तो अंग फुगवून बसलेल्या कोंबड्यासारखा दिसतो. बाबाने तीन गॅरेजं केली. पहिला म्हणाला पेट्रोल वाईट. दुसऱ्याने एक नळी बदलली. तिसरा म्हणाला, साहेब, या गाड्यांना असतोच तो, लक्ष नाही द्यायचं. आमच्या घरात हा सल्ला फार आवडण्यासारखा होता. लक्ष नाही द्यायचं यात आम्ही तिघंही तरबेज आहोत. न्हाणीघरातला नळ चार वर्षं गळतोय, आम्ही त्याच्याखाली बादली ठेवतो आणि त्या बादलीला भरण्याची बादली म्हणतो.

मग मी ते यंत्र मागवलं. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर मैत्रिणी काय काय सांगतात, आणि मी म्हणाले, गाडीतलं बिघाडाचं कारण वाचणारं यंत्र. बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मी तेव्हा नुकती वक्तृत्वात शाळेतून पहिली आले होते. मला वाटत होतं की जगात असं काही नाही जे मी नीट वाचून, तीन मुद्दे काढून, ठामपणे बोलून सोडवू शकणार नाही. यंत्र आलं. मी आई-बाबांना गाडीत बसवलं, ते लावलं, कोड वाचून दाखवला, तिसऱ्या सिलिंडरात मधूनमधून ठिणगी चुकते म्हणे. आणि मग जादूगारासारखा हात फिरवून पुसण्याचं बटण दाबलं. कोंबडं गायब! आई टाळ्या वाजवायला लागली. बाबा म्हणाला, "डॉक्टर, फी किती?" तो क्षण मला हल्ली वर्गात, जेवताना, केस विंचरताना कधीही आठवतो आणि कानशिलं तापतात. पुसायला मी शिकवलं. दाबायचं कसं, किती वेळ धरायचं, मी, मोठ्या तोंडाने, सगळ्यांना.

मग चौथ्या, म्हणजे काकांच्या गॅरेजात मी बाबाबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं यंत्र बघितलं आणि कपाळाला हात लावला. "दिवा कुठेय?" "पुसला," मी म्हणाले. "कुणी सांगितलं?" "म्हणजे लागला की आम्ही पुसतो." काका चिंधीने एकेक बोट पुसत शांतपणे म्हणाले, "बाळ, तू डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जातेस का?" मग त्यांनी समजावलं. दिवा लागतो त्या क्षणी गाडी सगळं टिपून ठेवते. वेग किती, इंजिन किती तापलेलं, चढ होता का, ओझं होतं का. पुसलं की दिव्याबरोबर तेही जातं. "मग मला काय, हात बघून भविष्य सांगायचं? इथे माझ्यासमोर ती गुणी मुलीसारखी चालते. दिवा लागलेला असू दे आणि तसाच घेऊन या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मी दचकले, कारण आमच्या दिव्याला आम्ही कोंबडं म्हणतो हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. आणि गेल्या रविवारी बाबाने जाहीर करून टाकलं, "शनिवारपर्यंत काकांना कळलं तर कळलं. नाहीतर विकायची. ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. भर रस्त्यात बंद पडली तर काय करायचं?" आई टेबल पुसत होती. तिने एकच जागा पुन्हा पुन्हा पुसली.

म्हणजे बघा कसं होतं. आईची दातांची लॅब शहराबाहेर, कारखान्यांच्या वस्तीत, तिथे बस जात नाही. गाडी गेली की नोकरी गेली. माझ्या जन्माआधी ती हेच काम करायची, मग पंधरा वर्षं नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू झाली. मेणात दात कोरायचा, मग तो भट्टीत भाजायचा, मग सोळा रंगांच्या पट्टीशी धरून बघायचा की माणसाच्या बाकीच्या दातांत तो खपतो का. मला आधी वाटायचं दात पांढरा असतो. आई म्हणाली, पांढरा दात फक्त चित्रात. ती आता सगळ्यांच्या तोंडाकडे बघते. टीव्हीवर कुणी गंभीर बातमी सांगत असेल तर ही म्हणते, "वरचा डावीकडचा खोटा आहे, पण काय सुंदर केलाय गं!" तिचे हात बदलले, नखं बारीक कापलेली, बोटांना मेणाचा वास. ती गाडीत गाणं म्हणते. मी वक्तृत्वाला उभी राहते तेव्हा पाय थरथरत नाहीत, त्याचं कारण सगळे मला विचारतात आणि मी काहीतरी फेकते, सराव वगैरे. पण खरं कारण हे, की पंधरा वर्षांनी परत आत शिरणारी बाई माझ्या घरात राहते. ती गाडी विकली जाणं म्हणजे... नाही, मला ते वाक्य पूर्ण करायचं नव्हतं. मी दुसरा बूट घातला आणि शाळेत गेले.

शाळेत दिवसभर सहा. गणिताच्या बाईंनी फळ्यावर सहा लिहिला तर मी तोंड वाकडं केलं. माझा संशय अर्थातच बाबावर. संध्याकाळी तो बाल्कनीत पंख्याचं पातं पुसत होता, मी समोर उभी राहिले, हाताची घडी घालून.

"बाबा, तू गाडीचा दिवा पुसलास?"

"नाही."

"खरं सांग."

"अगं, या आठवड्यात नाही." मग पातं उलटं करत, अगदी हळू, "गेल्या महिन्यात एकदा. दोनदा. तुझी आई सकाळी तो दिवा बघून निघते, वाटभर घाबरते. म्हटलं, कशाला."

"बाबा! काका काय म्हणाले?"

"तेव्हा काका कुठे भेटले होते? आणि तू तुझ्या स्पर्धेच्या दिवशी पुसला होतास तो? अपशकुन नको म्हणून?"

यावर मी हाताची घडी सोडली. मग आई आली, पर्स खुंटीला, चपला कोपऱ्यात, आणि मी पाण्याचा पेला देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दिवा लागतो का गं हल्ली?" ती हसली. "नाही गं. छान चालते." इतकं नीट हसली. सोळा रंगांच्या पट्टीशी धरून बघितल्यासारखं, बाकीच्या चेहऱ्यात बरोब्बर खपेल असं. मी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नुसती उभी राहिले. आई माझ्याशी खोटं बोलली होती. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी बोलायची तसलं गोड खोटं नाही. बरोबरीच्या माणसाशी बोलतात तसलं. मला राग आला आणि त्या रागात कुठेतरी मी मोठी झाल्याचा एक घाणेरडा आनंदही होता, त्याचाही राग आला.

गुरुवारी सकाळी पुन्हा सहा. एकदा सहा ही चूक असू शकते, दोनदा सहा ही सवय. आणि भूगोलाच्या तासाला, नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं चाललेलं असताना, मला एकदम कळलं की सहा हा आकडा नाही, ती जागा आहे. लॅबपासून पंचवीस, घरापासून सहा. त्या जागी आई रोज थांबते, पुसते, आणि मग घरी येते. मला बाकावरून उठून ओरडावंसं वाटलं. आणि लगेच वाटलं, कुणावर ओरडू? बाबाला सांगितलं तर तो म्हणणार, बघ, रोज लागतो, विका. नाही सांगितलं तर शनिवारी म्हैस काकांसमोर गुणी मुलीसारखी उभी राहणार, काकांना काही कळणार नाही, आणि रविवारी बाबा म्हणणार, विका. आई गाडी वाचवायला पुसत होती आणि पुसल्यामुळेच गाडी जाणार होती. एवढी साधी गोष्ट. दोन वाक्यांत सांगता येईल. पण आमच्या घरात ती दोन वाक्यं बोलायला तोंडच नव्हतं कुणाकडे, माझ्याकडेसुद्धा, आणि मी म्हणे वक्तृत्वात पहिली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सायकल घरी न नेता मोठ्या रस्त्याला वळवली. सहा किलोमीटर म्हणजे काही नाही असं नकाशावर वाटतं. रस्त्याला सारखा चढ, बाजूने ट्रक हवा मारत जाणार, आणि दप्तरात नेमकी त्या दिवशी दोन्ही जाड पुस्तकं. मी मनात आईला झापत होते. वाक्यं तयार करत होते, खोडत होते. ‘आई, मला तुझ्याशी बोलायचंय’ हे फार सिनेमातलं. ‘आई, तू असं का केलंस’ हे फार बिचारं. चढ संपला तिथे एक बंद पडलेला वजनकाटा होता, ट्रक तोलायचा, त्याच्या लोखंडी फळीवर गवत उगवलेलं, बाजूला गाडी उभी करण्याइतकी सपाट जागा. मी सायकलच्या मीटरवरचा आकडा बघितला. सहाला जरा कमी. मी काट्याच्या खोलीच्या भिंतीआड बसले. घाम वाळत होता. एक ओळखीची म्हातारी गाडी मंद होत होत आली, आवाजात उचकी, धाप, उचकी, आणि थांबली.

मला वाटलं होतं आई लगेच खण उघडेल, यंत्र काढेल. ती नुसती बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग पर्समधून काहीतरी छोटं काढलं, डबी, त्यातून चिमटीत धरून एक दात, आणि तो उन्हात धरून बघत राहिली, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. परत डबीत. मग आरसा स्वतःकडे वळवला आणि तिचे ओठ हलायला लागले. मला आवाज येत नव्हता पण मी ओळखलं, कारण मीही स्पर्धेआधी आरशासमोर हेच करते. एक वाक्य, पुन्हा तेच, जरा हसून, पुन्हा. ‘छान झाला दिवस.’ तिसऱ्यांदा तिला जमलं. चोरून बघायला नको होतं. मी उठले, मुद्दाम सायकल खडखडवत गेले आणि काचेवर टकटक केलं.

ती किंचाळली. मग काच खाली करून, "तू? इथे? एकटी आलीस? अगं ट्रक केवढे जातात, अक्कल आहे का तुला?"

"तुला आहे का?" माझ्या तोंडून गेलं. कोंबडं डॅशबोर्डवर लागलेलं होतं, पिवळं धमक. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं, पाहुण्यांसमोर नको ते बोलून गेलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"बस आत," आई म्हणाली.

मी बसले. मग ती म्हणाली, "आज तीन दात परत आले. डॉक्टरांनी परत पाठवले. चावताना लागतात, एकाचा रंग नाही जुळत. काल दोन आले होते. लॅबच्या मॅडम काही बोलत नाहीत गं, नुसत्या माझ्या टेबलावर आणून ठेवतात. बोलल्या तर बरं."

"पण तू शिकशील ना. पंधरा वर्षांनी..."

"ते तुझं भाषण आहे," ती म्हणाली. रागाने नाही. "मला कधी कधी वाटतं, गाडी गेली तर बरं. माझा काही दोष नाही, गाडीच नाही, काय करणार. मग लगेच भीती वाटते की खरंच गेली तर? म्हणून पुसते. आणि पुसताना वाटतं, जाऊ दे ना. दोन्ही वाटतं. रोज, इथेच."

मी इतकी चिडले की डोळ्यांत पाणी आलं. मी इतके दिवस तिच्या बाजूने लढत होते आणि तिची बाजू एक नव्हतीच. मला ती पूर्ण हवी होती, गाणं म्हणणारी, पाय न थरथरणारी. तिने खण उघडून यंत्र हातात घेतलं. मला काकांचं सगळं सांगायचं होतं. वेग, उष्णता, चढ, टिपून ठेवणं, मुद्दा एक, मुद्दा दोन. पण काकांचं म्हणणं मी घरी त्याच दिवशी तिला ऐकवलं होतं. तिला माहीत होतं. सगळं माहीत असून ती इथे थांबत होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बटणावर तिचा अंगठा होता. एक ट्रक गेला, म्हैस हलली. दुसरा गेला.

"सायकल मागे टाक," ती म्हणाली आणि यंत्र खणात ठेवून खण बंद केला, जोरात, कारण तो हळू बंद होतच नाही.

ते सहा किलोमीटर आम्ही दिवा लागलेला घेऊन आलो. दर उचकीला आईचा खांदा वर जायचा. ती गात नव्हती. मीही गप्प बसले. माझ्यासाठी हे सायकल चालवण्यापेक्षा अवघड होतं.

घरासमोर बाबा उभा होता, माझ्या नावाने शंख करायच्या तयारीत. आईने इंजिन बंद केलं नाही. काच खाली घेतली. "बघ."

बाबा वाकला. "आत्ता लागला?"

"रोज लागतो. मी पुसते. आणि माझं काम वाईट चाललंय. आज तीन दात परत आले."

बाबाने तिच्याकडे, मग दिव्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. "तू म्हणायचीस छान चाललंय."

"म्हणायचे."

मी तोंड उघडलं. आता कुणीतरी सगळं नीट जोडून सांगायला हवं होतं, आणि ते मला येतं. आई म्हणाली, "तू उतर जरा." मी उतरले. बाबा माझ्या जागेवर बसला, गुडघे डॅशबोर्डला टेकवून, अवघडून.

"पाण्याच्या टाकीकडच्या चढावर नेते," आई त्याला सांगत होती. "कशी थरथरते ते बघ. मग ठरव विकायची का."

"मी काय ठरवणार? चालवतेस तू." पट्टा ओढता ओढता बाबाने मान बाहेर काढली. "काकांना फोन लाव. म्हणावं उद्या सकाळी आणतोय, पुसलेला नाहीये. आणि ऑफिसातल्या त्याला मी सांगतो, थांब म्हणून."

आणि गेले. माझी सायकल मागे तशीच, दप्तर तसंच, मला कुणी साधं ‘चल’ म्हटलं नाही. मी रस्त्यावर उभी राहून फोन लावला.

"नक्की पुसलेला नाही?" काकांनी विचारलं. "बघ हां. तुमच्या घराण्यावर माझा विश्वास नाही."

"नाही काका! आत्ता चढावर आहे, मिसिंग मारतेय, उचक्या देतेय, ऐका, ऐकू येईल तुम्हाला," मी म्हणाले, आणि फोन हात उंच करून धरला, आणि म्हैस वळणाआड जायला लागली म्हणून तिच्यामागे चढावर धावत सुटले. वरून उचकी येत होती, धाप, उचकी, आणि मध्येच आईचा आवाज, मोठा, बाबाला काहीतरी ठणकावून सांगत असलेला. मी फोन कानाला लावला. "आलं ऐकू?"

"नाही गं," काका म्हणाले. "मला तर तुझीच धाप ऐकू येतेय."